खर्जातले लोखंड



‘मेटल’ म्हणताच पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या, हे आम्ही पाहिले. परंतु चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी प्रेसवर पाळी केली, त्यांना हा आवाज परका वाटू नये. 1965 साली बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राने तोडली. गडी डावखुरा, गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. पुढे तारा सैल सोडल्या आणि गिटार खर्जात उतरली. 1968 साली जमलेल्या ‘ब्लॅक सॅबथ’चा जड सूर तो हाच. आपल्याकडेही बोटे गमावलेले कामगार आहेत. त्यांच्यासमोर हे सांगताना आम्हांला संकोच होतो.

त्या सुराचा वंश मुंबईतही वाढला. 2000 साली साहिल मखीजा यांनी ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा संच उभा केला. असले संगीत काढायला कंपन्या कुठल्या पुढे येणार? त्यांनी स्वतःचीच काढली. 2010 साली इंग्लंडच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाने या संचाला पारितोषिक दिले. त्याच वर्षीची त्यांची ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आम्ही सोबत आणली आहे. पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांनी हवे तर जरा मागे सरकावे.