मानेवरचा काळेपणा मळ नव्हे
(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस उगवतात, तोंडावर पुरळ उठते, मानेची कातडी काळपट आणि जाड होते. अशा मुलीला 'नीट अंघोळ करत नाहीस' म्हणून बोलणी बसतात. लग्नानंतर दिवस राहिले नाहीत, की 'वांझ' म्हणतात. आज एवढेच सांगायचे आहे, की यात तिचा दोष नाही. या आजाराला पीसीओएस म्हणतात आणि पुष्कळ जणींत त्याच्यामागे वाढलेले इन्सुलिन असते.

इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. रक्तातली साखर स्नायूंत पोहोचवणे हे त्याचे एक काम. काहींच्या शरीरात स्नायू त्याला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. बीजकोश मात्र या जादा इन्सुलिनचे ऐकतात आणि पुरुषी संप्रेरक जास्त बनवतात. त्यामुळे केस व पुरळ येतात, बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते. मानेचा तो काळेपणाही बहुधा जादा इन्सुलिनचीच खूण. घासून तो जात नाही.

1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांत हा आजार नोंदवला. इन्सुलिनशी त्याचे नाते 1980 साली पुढे आले. डॉक्टरांनाच इतकी वर्षे लागली, तर सासूबाईंना कुठून कळणार? पण आता आपल्याला कळले आहे.

मग करायचे काय? रोज भरभर चाला. चालताना स्नायू साखर ओढून घेतात, इन्सुलिन कमी लागते. नागलीची भाकर, डाळ, रानभाजी खा. साखरेचा चहा, बिस्किटे, थंड पेये कमी करा. उपाशी राहू नका. वजन जास्त असेल तर 60 किलोच्या बाईचे तीन ते सहा किलो उतरले तरी पाळी सुधारू शकते. बारीक मुलींनाही हा आजार होतो, हे विसरू नका.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होतेच. त्यानंतरही 35 दिवसांच्या पुढे जात असेल, तर दवाखान्यात जा. थायरॉइडमुळेही पाळी बिघडते, म्हणून तपासणी हवी. दुर्लक्ष केले तर पुढे मधुमेहाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. उपचाराने पुष्कळ जणींना मूल होते.

आशाताईंनो, घरभेटीत मुलीची पाळी विचाराल, तेव्हा तिची मानही बघा. आणि तिच्या आईला सांगा, मुलीला रागावू नका, तपासायला आणा.