प्रसूतीची वाट बदलते तेव्हा

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

डोंबिवलीसारख्या शहरात घरी बाळंतपण होणे ही गोष्ट आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, डोहाळजेवण होते, प्रसूतिगृहात नाव नोंदविले जाते, तपासण्यांचे कागद जमतात. तयारीत काही उणे राहिले असे कोणाला वाटत नाही. तथापि एका शक्यतेबद्दल घरात सहसा बोलणे होत नाही. दिलेली तारीख उलटते, कळा येत नाहीत, म्हणून औषध देऊन कळा आणावयाचे ठरते. आणि दिवसभर कळा सोसल्यानंतर, रात्री केव्हातरी, सिझेरियन शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले जाते. कोणाचीच अपेक्षा नसलेला हा निर्णय घरातील माणसे घाईने, अर्धवट ऐकून स्वीकारतात. माता आणि मूल बहुधा सुखरूप असतात. परंतु ‘नेमके काय बिघडले?’ हा प्रश्न त्या स्त्रीच्या मनात पुढे कित्येक महिने राहतो. तो राहू नये यासाठी काय करता येईल, हा या भाषणाचा विषय आहे.

कल्याणच्या कन्येचा वारसा

या प्रश्नाची थोरवी जाणणाऱ्या एका स्त्रीचा जन्म डोंबिवलीच्या शेजारीच, कल्याण येथे, ३१ मार्च १८६५ रोजी झाला. डॉ. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी माता झाल्या. योग्य वैद्यकीय मदतीअभावी त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय दृढ झाला, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पुढे वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्या काळी अडलेल्या बाळंतिणीपुढे पर्यायच नसत. आज पर्याय आहेत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या कालावधीत महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. त्याच कालावधीत देशाचे प्रमाण ९७ होते. या प्रगतीत वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियांचाही वाटा आहे. साधने आली आहेत. ती का, केव्हा आणि कशी वापरली जातात हे त्या स्त्रीला समजावून सांगण्याचे काम मात्र अजून पुरतेपणी झालेले नाही.

कळा का आणाव्या लागतात?

गर्भारपण पुढे चालू ठेवणे हे प्रसूती होण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरू लागते, तेव्हा कळा आणण्याचा निर्णय घेतला जातो. मातेचा रक्तदाब वाढणे, मधुमेह, पाणमोट फुटूनही कळा न येणे, गर्भाची वाढ खुंटणे ही त्याची प्रमुख कारणे होत. दिवस उलटून जाणे हेही एक कारण आहे. गर्भारपणाचे ४१ आठवडे पुरे झाले असता कळा आणाव्यात, आणि कोणतीही गुंतागुंत नसताना त्याआधी त्या आणण्याची घाई करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शुभ मुहूर्त, नातेवाइकांची सुट्टी किंवा प्रवासाची सोय ही वैद्यकीय कारणे नव्हेत.

ज्या औषधाने कळा आणतात वा वाढवितात त्याचा इतिहास शतकाहून थोडा अधिक आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे इंग्लंडमधील हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखविले. त्यातील ऑक्सिटोसिन हे द्रव्य व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सलाइनमधून थेंबाथेंबाने दिले जाणारे औषध ते हेच.

परंतु केवळ कळा आल्याने प्रसूती होत नाही. गर्भाशयाचे तोंड मऊ व्हावे लागते, पातळ व्हावे लागते आणि उघडावे लागते. ही तयारी किती झाली आहे हे मोजण्याची गुणपद्धती एडवर्ड बिशप या अमेरिकन तज्ज्ञाने १९६४ मध्ये मांडली. तिचा उपयोग आजही सर्वत्र होतो. गुण कमी असतील तर प्रथम गोळ्या, जेल किंवा रबरी फुग्याची नळी वापरून गर्भाशयाचे तोंड तयार करतात. या पायरीलाच कित्येकदा पुरा दिवस जातो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे ठाऊक नसते, आणि ‘सकाळपासून काहीच होत नाही’ अशी कुजबूज सुरू होते.

नागपूरचा अनुभव

या संदर्भात आपल्याच राज्यातील एक अभ्यास मोलाचा आहे. नागपूर येथील दोन शासकीय रुग्णालयांत २०१३ ची अखेर ते २०१५ चा मध्य या काळात, वाढलेल्या रक्तदाबामुळे कळा आणणे आवश्यक ठरलेल्या ६०२ स्त्रियांची पाहणी झाली. काहींना तोंडावाटे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना फुग्याची नळी बसविली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २४ तासांच्या आत योनीमार्गे प्रसूती होण्याचे प्रमाण गोळ्यांच्या गटात ५७ टक्के, तर नळीच्या गटात ४७ टक्के होते.

गोळ्या अधिक उपयुक्त ठरल्या, हा त्याचा वैद्यकीय अर्थ. सामान्य माणसाने त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. उत्तम देखरेखीखाली, योग्य कारणासाठी आणलेल्या कळांनंतरही, निम्म्याच्या जवळपास स्त्रियांची एका दिवसात ठरल्या मार्गाने प्रसूती झाली नाही. कळा आणण्याचे औषध हा एक प्रयत्न आहे. ती नैसर्गिक प्रसूतीची हमी नव्हे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘कळा आणल्या म्हणूनच सिझेरियन झाले’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. अमेरिकेतील ४१ रुग्णालयांत, पहिल्या खेपेच्या व धोका कमी असलेल्या ६,१०६ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत शस्त्रक्रियेचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के आढळले. तेथील प्रत्येक स्त्रीवर असलेली देखरेख आपल्याकडे सर्वत्र उपलब्ध नाही, हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचावा. परंतु दोष केवळ औषधाचा नसतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

निर्णय कशामुळे फिरतो?

मधेच शस्त्रक्रिया ठरण्याची कारणे मुख्यत्वे दोन. पहिले कारण बाळाचे. गर्भातील बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळांच्या ताणाने ते घसरू लागले आणि सावरले नाहीत, तर थांबून चालत नाही. येथे मिनिटांचा हिशेब असतो. दुसरे कारण प्रगतीचे. पुरेशा कळा असूनही गर्भाशयाचे तोंड उघडत नाही, किंवा डोके खाली सरकत नाही. येथे बहुधा थोडा वेळ हाताशी असतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील दोन तज्ज्ञ-संघटनांनी स्पष्ट केले की, माता व बाळ ठीक असतील तर पाणमोट फुटल्यानंतर ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास दिल्याशिवाय कळा आणण्याचा प्रयत्न फसला असे ठरवू नये. म्हणून ‘कारण पहिले की दुसरे?’ हा एक साधा प्रश्न नातेवाइकांनी नम्रपणे विचारावा. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही; उलट उत्तर मिळाले की निर्णय पटतो.

ऑक्सिटोसिन जपून वापरावयाचे औषध आहे. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या तर बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडू शकतो. सलाइनमधील थेंब कमी करता येतात वा थांबविता येतात. स्नायूत टोचलेली सुई परत घेता येत नाही. घरी किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून ‘कळा वाढविण्याची सुई’ घेण्याचा प्रकार कोठे होत असेल, तर तो थांबविणे हे ग्रामपंचायतीचेही कर्तव्य आहे.

संमती कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निर्णय येथे मार्गदर्शक आहे. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. प्राण वाचविण्यासाठी तत्काळ कृती अटळ असेल तेवढाच अपवाद. तसेच सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची सही पुरेशी नाही. पुढे दुसरा उपचार लागण्याचा संभव दिसत असेल तर दोन्हींची संमती आधीच एकत्र घेता येते, हेही त्याच निर्णयात म्हटले आहे.

प्रसूतीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. सलाइन लावण्यापूर्वी, ती स्त्री शांतपणे ऐकू शकते तेव्हाच, शस्त्रक्रियेची शक्यता तिला सांगावी. कळांच्या भरात पुढे केलेल्या कागदावर उमटलेली सही ही नावापुरती सही होय. पती, सासू, आई यांचा सल्ला जरूर असावा. पण शब्द तिचा असावा.

आधी करावयाची तयारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सिझेरियनने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्के झाले. म्हणजे चार प्रसूतींमागे एक. देशभरात खासगी संस्थांतील प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय संस्थांतील १४.३ टक्के आढळले. हा फरक चिंतनीय आहे. पण प्रत्येक गर्भवतीच्या घरी या शक्यतेचा विचार आधीच व्हावा, एवढे यावरून निर्विवाद ठरते.

जेथे सिझेरियनची सोय आहे अशाच ठिकाणी शक्यतो कळा आणाव्यात, आणि औषध चालू असताना त्या स्त्रीला एकटी सोडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. डोंबिवलीत पूर्व व पश्चिम भागांच्या मध्ये लोहमार्ग आहे, आणि सायंकाळच्या गर्दीत कल्याण-शीळ मार्गावर किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. मुरबाड-शहापूरकडील पाड्यांवर अंतराची अडचण त्याहून मोठी. म्हणून नवव्या महिन्यात पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. शस्त्रक्रिया येथेच होईल काय? भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ रात्री येऊ शकतात काय? रक्त कोठून मिळेल? हलवावे लागले तर कोठे, आणि कोणत्या वाहनाने?

१ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय संस्थांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या व रक्त विनामूल्य मिळते; साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस आहार दिला जातो; ने-आण करण्याचीही सोय आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. वरील प्रश्न विचारण्यास तो दिवस सोयीचा.

नोकरदार स्त्रियांसाठीही तरतूद आहे. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मान्य झाली. प्रसूतीतून आजारपण उद्भवल्यास, पुरावा दिला असता, आणखी एक महिन्यापर्यंत रजेची १९६१ च्या कायद्यातील सोय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. कार्यालयप्रमुखांनी ती आपणहून सांगावी.

घरी आल्यानंतर

आधी ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि कळांनंतर झालेली शस्त्रक्रिया यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात त्या स्त्रीने कळाही सोसलेल्या असतात आणि टाकेही. शरीर दुहेरी थकलेले असते. अशा वेळी ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ हा शेरा निव्वळ अन्यायाचा आहे. गर्भाशयाचे तोंड उघडणे वा न उघडणे हे धीरावर अवलंबून नसते.

दुसऱ्या दिवसापासून थोडे चालणे, बाळाला शक्य तितक्या लवकर अंगावर पाजणे, खोकताना टाक्यांवर उशी धरणे हे हिताचे. शेक-शेगडी, मालिश, पोट बांधणे या रूढी डॉक्टरांना विचारूनच पाळाव्यात. ताप, टाक्यांतून पाणी वा पू येणे, अतिरक्तस्राव, पायाला सूज व दुखणे, किंवा सतत रडू येणे व बाळात मन न लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

रुग्णालयातून सुटका होताना मिळणारा कागद दागिन्यासारखा जपावा. शस्त्रक्रिया का झाली आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला, यावर पुढील प्रसूती कशी करावयाची हे ठरते. ‘एकदा सिझेरियन म्हणजे दर वेळी सिझेरियन’ हे प्रत्येकीच्या बाबतीत खरे नाही. मात्र आधीचा छेद असलेल्या गर्भाशयावर मिसोप्रोस्टॉलसारखे औषध धोक्याचे असते. म्हणून पुढील प्रसूती सर्व सोयी असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

बंधुभगिनींनो, यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आशा कार्यकर्तीने नवव्या महिन्यातील भेटीत दहा मिनिटे द्यावीत. शिक्षकांनी पालक-सभेत, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय संकोच न बाळगता मांडावा. रुग्णालयांनी सलाइन लावण्यापूर्वी चार वाक्ये मराठीत सांगावीत : कळा का आणीत आहोत, किती वेळ लागेल, कशावर लक्ष ठेवू, आणि कोणत्या परिस्थितीत शस्त्रक्रिया करू. एवढे झाले तर ऐन वेळी वाट बदलली तरी ती अनोळखी वाटणार नाही, आणि घरी परतलेल्या मातेच्या मनात अपराधाची भावना राहण्याचे कारण उरणार नाही.