बंद मशीनमध्ये पाणी कुठून येतं?



कपडे धुण्याची मशीन आता काटोल, नरखेड, सावनेरकडच्या गावांतही बऱ्याच घरी दिसते. शेतीच्या कार्यक्रमात हिचं काय काम, असं कोणी म्हणेल. पण मशीन बंद असताना तिच्या ड्रममध्ये पाणी झिरपत असेल, तर ते तुमच्याच विहिरीचं पाणी आहे. दहा मिनिटांत 250 मिलीलिटर, म्हणजे पेलाभर झिरपलं, तर दिवसाला 36 लिटर होतात. मे महिन्यात एका बैलाच्या दिवसभराच्या पिण्याइतकं!

हा दोष आपोआप पाणी घेणाऱ्या मशीनचा. जिच्यात आपण हातानं पाणी सोडतो, तिला तो सहसा होत नाही.

मिस्त्रीला बोलावण्याआधी एक परीक्षा करा. मशीनमधलं पाणी पूर्ण काढून टाका, ती बंद करा आणि प्लग उपसून ठेवा. नळ मात्र चालू राहू द्या. दोन-तीन तासांनी पाहा. लगेच पाहून उपयोग नाही, कारण ड्रमच्या बाहेर आणखी एक टाकी असते आणि पहिलं पाणी तिच्या तळाशी लपून बसतं. प्लग काढल्यावर पाणी आलं नाही, पण लावल्यावर येतं, तर दोष विजेच्या भागात आहे. तिथं हात घालू नका, ते जाणकाराचं काम.

प्लग काढूनही पाणी आलं, तर आता नळ बंद करून तीच परीक्षा पुन्हा करा. तरीही आलं आणि ते गढूळ, वासाचं असेल, तर ते नालीतून उलटं येतंय. नाली तुंबली असेल ती मोकळी करा, पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका.

नळ बंद केल्यावर पाणी थांबलं, तर दोष आत येणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हचा. बहुतेक वेळा हाच असतो. विहिरीवरच्या मोटारीचा फूट-व्हॉल्व्ह, ज्याला आपण सारे ‘फुटबॉल’ म्हणतो, त्यात काडीकचरा अडकला की पाणी उतरतं ना? तसंच इथं. आत रबराचा पडदा असतो. रेतीचा कण किंवा क्षाराचा पांढरा थर त्याखाली आला की तो नीट बसत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार गाळ ओढते, तो छतावरच्या टाकीत जातो आणि तिथून इथं.

प्लग काढा, नळ बंद करा, मागची नळी सोडा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पकडीनं हळूच ओढून ती जुन्या ब्रशनं धुवा, क्षार असेल तर थोडा वेळ लिंबाच्या रसात ठेवा. पाण्याची धार कमी पडते म्हणून काही जण ही जाळी काढूनच टाकतात. असं करू नका, त्यानंच रेती आत शिरते. नळी परत जोडण्याआधी नळाचं बादलीभर पाणी वाहू द्या.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हा पडदा पाण्याच्याच दाबानं बंद होतो. टाकी मशीनपेक्षा 10 फूट उंच असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.3 किलो मिळतो. टाकी त्याहून खाली असली, तर चांगला व्हॉल्व्हही झिरपू शकतो. किमान दाब किती हवा ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा. दाब कमी असेल तर टाकी उंच करा, नवा व्हॉल्व्ह घेऊन फायदा नाही.

दाब पुरेसा आहे, जाळीही स्वच्छ आहे, तरी गळती थांबत नाही, तर व्हॉल्व्ह बदलावा लागेल. नेताना जुना दुकानात दाखवा, म्हणजे मापाचा मिळेल. तोवर धुणं झालं की नळ बंद करत जा. आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मशीनला हात लावणारी बहुधा घरची बाईच असते.