नाव एकच, स्पेलिंग चार

(वाघोलीत तरुण मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला इथे ‘आयटीतलं करिअर’ या विषयावर बोला म्हणून बोलावलं होतं. मी संयोजकांना म्हटलं, नोकरी कशी मिळवायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. नोकरी गेल्यावर काय होतं, ते मी सांगतो. ते थोडं हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

२०२३च्या नोव्हेंबर महिन्याच्या शेवटी माझी नोकरी गेली. एका मीटिंगचं बोलावणं आलं, पंधरा मिनिटांत विषय संपला, संध्याकाळी लॅपटॉप जमा केला. अकरा वर्षांचा अनुभव होता, वाघोलीत फ्लॅटचा हप्ता चालू होता, मुलगी पहिलीत होती. पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी बॅग घेऊन घरातून निघत होतो. बायकोला माहीत होतं. अब्बांना नव्हतं. ते तेव्हा श्रीरामपूरहून आमच्याकडे आले होते. मी नगर रोडवरच्या एका टपरीवर बसायचो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून आल्यासारखा चेहरा करून घरी यायचो. वाघोलीत राहणाऱ्याला ते जमतंच.

नवव्या दिवशी अब्बा म्हणाले, “बेटा, बॅग हलकी दिखती है.” त्यांनी आयुष्यभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काम केलं. गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस, मला काय ओळखणार नाही? मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “फंड निकाला क्या?”

फंड म्हणजे पीएफ. खासगी नोकरीतल्या आपल्यासारख्यांना सरकार दर महिन्याला बेकारी भत्ता देत नाही. नोकरी गेल्यावर हाताशी असतो तो हाच पैसा. पगारातून १२ टक्के आपले कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. म्हणजे हे दान नाही, मेहरबानी नाही, आपलीच कमाई आहे. तेव्हा नियम असा होता की नोकरी गेल्यावर एका महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता येतात. मी हिशेब मांडला, जानेवारी अखेर सगळं हातात. प्रत्यक्षात शेवटचा रुपया मेच्या मध्यावर आला. साडेपाच महिने. का, ते ऐका. तीन कुलपं होती आणि तिन्हींच्या किल्ल्या मी स्वतः कुठे कुठे ठेवून विसरलो होतो.

पहिलं कुलूप मोबाइलचं. पासवर्ड आठवेना. नवा घ्यायचा तर ओटीपी येणार जुन्या नंबरवर, आणि तो नंबर मी चार वर्षांपूर्वी बंद केला होता. बरं, आधारला तरी नवा नंबर असावा? तिथेही जुनाच. आधारचा मोबाइल नंबर घरबसल्या बदलला नाही. केंद्रावर जावं लागलं, बोटांचे ठसे द्यावे लागले, नोंद होईपर्यंत थांबावं लागलं. नोकरीत असताना अर्ध्या दिवसाच्या रजेचं हे काम. मी ते चार वर्षं टाळलं होतं.

दुसरं कुलूप बँकेचं. लॉगिन झालं, अर्ज भरला, आणि तो परत आला. माझं खातं ज्या बँकेत होतं, ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. तुम्हाला आठवत असेल, १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. पुढे शाखांचे आयएफएससी कोड बदलले. पीएफच्या नोंदीत माझा कोड जुनाच होता. मग नवा कोड भरला, तर त्याला कंपनीची मंजुरी हवी. म्हणजे ज्या एचआरने मला पंधरा मिनिटांत निरोप दिला, त्यांनाच आता ‘प्लीज अप्रूव्ह करा’ असे मेल पाठवायचे. चार पाठवले. पाचव्याला काम झालं. आज ही अडचण तुम्हाला येणार नाही. एप्रिल २०२५ पासून बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही आणि चेकचा फोटोही लागत नाही.

तिसरं कुलूप नावाचं, आणि त्यासाठीच मी आज उभा आहे.

आपलं ‘शेख’ घ्या. मराठीत दोन अक्षरं. इंग्रजीत कोणी एसएचएआयकेएच लिहितं, कोणी एसएचईआयकेएच, कोणी एसएचईकेएच, कोणी आणखी एखादं अक्षर गाळतं. ‘मोहम्मद’चं तर विचारूच नका. माझ्या पहिल्या कंपनीत कोणीतरी ‘मोहम्मद’चं ‘एमडी’ केलं. अम्मी हसून म्हणायची, मेडिकलला न जाता पोरगा एमडी झाला. त्यात आपली महाराष्ट्राची रीत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. पॅनवर तीन रकाने. मुलींचं लग्नानंतर आणखी एक नाव. प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडचा माणूस त्याला जसं ऐकू येईल तसं लिहितो आणि आपण ‘चलता है’ म्हणून सही करतो.

२०१६ मध्ये मी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथे आधारप्रमाणे पूर्ण नाव लिहिलं. ते जुन्या नोंदीतल्या ‘एमडी’शी जुळलं नाही, म्हणून त्यांनी सरळ नवा यूएएन काढला. यूएएन म्हणजे पीएफचा १२ आकडी नंबर. माणसागणिक एकच असायला हवा. माझे दोन झाले. एकात पहिल्या चार वर्षांचे पैसे, दुसऱ्यात बाकीचे. मला हे सात वर्षांनी कळलं. आणि तोपर्यंत पहिली कंपनी बंद पडली होती.

नाव दुरुस्त करायचं तर कंपनी आणि कर्मचारी दोघांनी सही करून द्यायचा अर्ज असतो, त्याला जॉइंट डिक्लेरेशन म्हणतात. कंपनीच नाही तर सही कोणाची? मग नियम शोधून वाचले. कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकारी, बँक मॅनेजर अशा व्यक्तीकडून साक्षांकन करून अर्ज देता येतो. शाळेचा दाखला, पॅन, जुनं नेमणूक पत्र, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या. त्या चिठ्ठ्या अम्मीने श्रीरामपूरच्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, नाहीतर मी आजही फिरत असतो.

त्या महिन्यांत रात्री झोप यायची नाही. मनात यायचं, आपल्याच नावाला का अडवतात? हे मुद्दाम तर नाही? तुमच्याही मनात हा प्रश्न येतो, मला माहीत आहे. म्हणून एक कबुली देतो.

२०१९च्या सुमारास मी ज्या कंपनीत होतो, तिथे ग्राहकांची ओळख तपासण्याचा एक प्रोग्राम बनत होता. दोन कागदांवरचं नाव जुळतं का, ते तपासणारा भाग मी लिहिला. अक्षर न् अक्षर जुळलं तर पास, नाहीतर नापास. आडनावाचा रकाना रिकामा असला तर नापास. नावात टिंब असलं तरी नापास. माझ्या टीममध्ये कोणी विचारलं नाही की ज्या बाईचं नाव कागदावर फक्त ‘शबाना’ आहे, तिचं काय होणार. मीही विचारलं नाही. घरी आडनावाशिवायच्या दोन मावश्या असलेला मी! त्या प्रोग्रामने किती लोकांना परत पाठवलं असेल, ते मला माहीत नाही. पाच वर्षांनी मी त्याच रांगेत उभा राहिलो, तेव्हा कळलं.

म्हणून सांगतो. हे कुलूप आपल्या धर्माकडे बघून लावलेलं नाही. पण लावताना आपली नावं कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, हेही खरं आहे. या खोलीत कॉम्प्युटर शिकणारी निदान दहा पोरं-पोरी आहेत. उद्या तुम्ही असा फॉर्म लिहाल, तेव्हा मीटिंगमध्ये हात वर करून विचारा, ‘एमडी आणि मोहम्मद आल्यावर काय होईल? आडनाव नसेल तर?’ आदिवासी पाड्यावरचा माणूस, दक्षिणेतला एकाच नावाचा माणूस, सगळे त्यात येतात.

आता नियमांचं बोलू. २०२५ मध्ये बरंच बदललं. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख अशा चुका स्वतः ऑनलाइन दुरुस्त करता येतात. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपण टाकू शकतो. पैसे काढण्याचे नियमही बदलत आहेत. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच मिळावेत, पण संपूर्ण रक्कम दोनऐवजी १२ महिन्यांनी आणि पेन्शनमधली रक्कम ३६ महिन्यांनी. म्हणून माझ्या वेळचा हिशेब धरून चालू नका, अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा नियम वाचा. आणि पाच वर्षं पुरी होण्याआधी ५० हजार किंवा जास्त काढले तर कर कापला जातो, तेही ध्यानात ठेवा. अर्ज अडला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर जपून ठेवा. एजंटला टक्केवारी देऊ नका. ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

पण हे सगळं माझ्यासारख्या पगारदाराचं झालं. सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगावच्या कारखान्यांत आणि गोदामांत आपले किती भाऊबहीण आहेत? ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे, त्यांचा ईएसआय कापला जातो. बहुतेकांना वाटतं ते फक्त दवाखान्यासाठी आहे. १ जुलै २०१८ पासून त्यात ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. बेकारी भत्ता म्हणावा असाच तो प्रकार. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे. मार्च २०२० नंतर ते ५० टक्के केले, तेही आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवस. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की अर्ज करता येतो, आणि मालकामार्फत न जाता थेट ईएसआयच्या शाखेत. अट अशी की विमा किमान दोन वर्षं असावा आणि ठरलेल्या सहामाहींत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. योजना मुदतीची आहे, तिची मुदत वाढवत नेली जाते, म्हणून आधी शाखेत विचारा. आणि एक सांभाळा. कंपनी ‘राजीनामा लिहून दे, बरं दिसेल’ म्हणते, तेव्हा लगेच सही करू नका. नोकरी का सुटली, या रकान्यात काय लिहिलं जातं त्यावर हा हक्क अवलंबून आहे.

केसनंद फाट्यावर सकाळी कामाची वाट बघत उभे राहणारे मजूर यातल्या कशातच नाहीत. त्यांच्यासाठी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असेल तर नोंदणी होते. एप्रिल २०२०च्या लॉकडाउनमध्ये राज्य सरकारने नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यात दोन हजार रुपये भरले. शेजारी तीच वीट उचलणाऱ्या, पण नोंदणी नसलेल्या माणसाला काही मिळालं नाही.

शेवटी एका ताईची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. एका गोदामात सहा वर्षं पॅकिंगचं काम केलं, काम सुटलं. पीएफला नंबर नवऱ्याचा, आधारलाही नवऱ्याचाच. आणि तोपर्यंत तलाक झालेला. तिच्या घामाच्या पैशांचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जात होता. ती मला म्हणाली, “भाई, मैंने कमाया, पर चाबी मेरे पास नहीं है.” आम्ही तिच्यासोबत आधार केंद्रावर गेलो, तिच्या नावाचं सिम जोडलं, पुढच्या महिन्यात पैसे तिच्या खात्यात आले. इथे बसलेल्या प्रत्येक मुलीला मी सांगतो, तुझा नंबर तुझा असू दे. आणि मुलांनो, आज घरी जाऊन अम्मीच्या, बहिणीच्या, बायकोच्या आधारला कोणाचा नंबर आहे, ते बघा. तुमचा असेल तर बदलून द्या.

मला मार्चमध्ये, पहिल्यापेक्षा कमी पगाराची का होईना, नोकरी मिळाली. अब्बांनी तोपर्यंत त्यांच्या ठेवीतून आमचे तीन हप्ते भरले होते. मे महिन्यात पैसे आल्यावर मी ते परत द्यायला गेलो, तर म्हणाले, “रख. पहले सबके कागज ठीक कर.”

त्यातूनच हे काम सुरू झालं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं मित्र लॅपटॉप घेऊन याच खोलीत बसतो. फी नाही. कोणत्याही जातीधर्माचा माणूस येऊ शकतो, येतातही. येताना आधार, पॅन, पासबुक आणि दहावीची गुणपत्रिका आणा. चारही कागद टेबलावर एका ओळीत ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर वाचा. फरक दिसला तर नोकरी असतानाच दुरुस्त करा. वारसाचं नावही तेव्हाच नोंदवा.

आज जाण्याआधी निदान आपला यूएएन आठवतो का, ते बघा. ज्यांना आठवत नाही, त्यांनी थांबा. मी अजून तासभर इथेच आहे.