आधी कुणी सोडायचं?

संसार म्हटला की तडजोड आलीच. बैल घ्यावा, तर छप्पर गळतं राहतं. छप्पर शाकारावं, तर बियाण्याला पैसा उरत नाही. एक धरावं, तर दुसरं सुटतं.

पण सोडायचं कुणी? ते नीट पाहिलं पाहिजे.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथं पाणी वाटलं ते जमिनीवर नव्हे, माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. उसाला पाणी नाही. भूमिहीनांचाही हक्क धरला. ज्याची जमीन मोठी, त्यानं जास्त सोडलं. म्हणून थोडं पाणी पुष्कळांना मिळालं.

आता आपलं घर पाहा. पैसा कमी पडला की शाळा कुणाची सुटते? मुलीची. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं कोण खातं? सून. एकीनंच सोसायचं आणि बाकीच्यांनी घ्यायचं, ही तडजोड नव्हे, बरं का!

तेव्हा अडचण आली, तर सगळे मिळून बसा. बायामाणसांनाही बोलू द्या. घरधन्यानं आधी आपली तंबाखू आणि मानपानाचा खर्च सोडावा. मुलीची पाटी-पुस्तकं मात्र सोडू नका.

ज्याच्याजवळ जास्त, त्यानं आधी सोडावं. एवढं ध्यानात धरा.