शिक्षकालाही ‘का?’ विचारता यावे
(शिक्षकांच्या शिबिरातील भाषण)



मुलांमध्ये जिज्ञासा कशी निर्माण करावी, असा आजचा विषय आहे. मला तो उलट बाजूने मांडावासा वाटतो. सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते प्रश्नांची झोळी घेऊनच. दिवसाउजेडी चंद्र कसा दिसतो, हे त्याला विचारायचे असते. दोन-चार वर्षांत ही झोळी रिकामी कशी होते?

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून विज्ञान-शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तो उभा केला, आणि तोही श्रीमंतांच्या शाळांत नव्हे, खेड्यापाड्यांतील साध्या शाळांत. सहावी ते आठवीची मुले गटागटाने बसून प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत टिपीत, निष्कर्षावर भांडत. परीक्षेत पुस्तक-वही उघडून पाहण्याची मुभा होती. साहजिकच घोकंपट्टीचे प्रयोजनच उरले नाही. ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला मुले आपल्या शंका पत्राने कळवीत, आणि त्यांना उत्तरे जात.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते शिक्षकांच्या बाबतीत घडले ते. उन्हाळी प्रशिक्षणात ते स्वतः प्रयोग करीत आणि विद्यापीठांतून आलेल्या शास्त्रज्ञांशी बरोबरीने वाद घालीत. पुढे मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडीत. आपल्याकडे शिक्षकाने माहितीचे तक्ते भरावेत, पोषण आहाराचा हिशेब ठेवावा, वरून आलेले परिपत्रक निमूटपणे राबवावे. ज्याला साहेबापुढे ‘का?’ म्हणण्याची सोय नाही, त्याने मुलाचा ‘का?’ आनंदाने ऐकावा, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ असे वर्गात म्हणणारा शिक्षक आपण नालायक ठरवतो.

तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला. प्रयोगाचे साहित्य वेळेवर न पोहोचणे वगैरे अडचणी त्यात होत्याच. पण त्या दूर करता आल्या असत्या. शेकडो शाळांत पुन्हा नेहमीचे पाठ्यपुस्तक आले.

म्हणून या शिबिराच्या ठरावात जिज्ञासेचा गौरव करणारे वाक्य नसले तरी चालेल. दोन मागण्या मात्र असाव्यात: महिन्यातून एक दिवस शिक्षकांना आपसांत बसून वर्गातल्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मोकळा मिळावा, आणि निदान एका विषयाची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून घेण्याची परवानगी मिळावी.