समुद्रतळाला सातबारा नसतो



कर्जतमध्ये बसून समुद्रातल्या वाळूवर बोलायचं म्हणजे थोडं विचित्रच. पण ब्रास, डंपर, क्रशर हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. कर्जत-खालापूरमध्ये डोंगर कापला की तो उघडा पडलेला दिसतो, धूळ घरात येते. त्या जमिनीला सातबारा असतो, गावाला ग्रामसभा असते, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. समुद्राच्या तळाला यातलं काहीच नाही.

आता वाढवणचं बघा. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ बंदर होतंय. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर नवी जमीन तयार करायची आहे. भरावाची सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून आणायचं नियोजन आहे. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे सात कोटी ब्रास!

ही वाळू काढतात कशी? ड्रेजर म्हणजे जहाजच. त्याला लांब पाइप असतो. तो तळावर टेकवून पंपाने वाळू आणि पाणी ओढायचं, वाळू पोटात ठेवायची, पाणी परत सोडायचं. वाळूच्या वरच्या थरात किडे, शिंपल्या, लहान खेकडे राहतात. ते वाळूबरोबर वर येतात आणि बहुतेक मरतात. त्यांच्यावर जगणारे मासे उपाशी राहतात किंवा जागा सोडतात. परत सोडलेल्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो प्रवाहाबरोबर दूर जातो, उजेड अडवतो आणि खाली बसताना मासळीच्या अंड्यांवरही बसतो. खड्डा खोल असेल तर त्यात चिखल साचून प्राणवायू कमी होतो. आणि खड्डा किनाऱ्याजवळ असेल तर लाटांची दिशा बदलते, कुठला तरी भलताच किनारा खचू लागतो.

झिजलेल्या किनाऱ्यावर वाळू भरतात, तेव्हाही हेच यंत्र वापरतात. नेदरलँड्समध्ये २०११ साली 'सँड मोटर' नावाच्या प्रयोगात किनाऱ्यावर २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली. ती तिथे हवामान बदलाविरुद्धची मोठी कामगिरी मानली जाते. वाढवणला त्याच्या नऊपट वाळू लागणार आहे. डच लोक ही वाळू २० मीटरपेक्षा खोल पाण्यातूनच काढू देतात, म्हणजे किनाऱ्याला धक्का बसू नये. तरीही भरलेली वाळू वाहून जाते आणि काही वर्षांनी पुन्हा भरावी लागते.

याचं एक कारण म्हणजे किनाऱ्याला वाळू पुरवणारी नदीच अनेकदा अडवलेली असते. आपल्या खालापुरातलं मोरबे धरण घ्या. धावरीचं पाणी पाइपमधून नवी मुंबईला जातं, तिची वाळू धरणाच्या तळाशी बसते. खाडीकडे जाणाऱ्या वाळूचा हिशेब कुणी मांडत नाही.

बंदर हवं की नको, यावर या खोलीतही दोन मतं असतील. नोकऱ्यांचा प्रश्न खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. माझं भांडण खर्चाच्या तक्त्याशी आहे. त्यात ड्रेजरचं भाडं असतं, डिझेल असतं, पण तळाची किंमत शून्य असते. ती भरतात पालघरचे मांगेला आणि कोळी. उद्या असंच काम दक्षिणेकडे निघालं तर रत्नागिरीचे दालदी मच्छीमार भरतील. केरळात कोल्लमसमोरच्या समुद्रातली बांधकामाची वाळू केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये लिलावाला काढली, तेव्हा तिथले मच्छीमार संपावर गेले. आपल्याला हे कळेल ते पावसाळ्यात सुक्या बोंबलाचा भाव ऐकून.

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींचं पालन केल्याचा अहवाल द्यावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अहवाल इंग्रजीत असतात, तक्त्यांनी भरलेले, आणि खरं सांगायचं तर भयंकर कंटाळवाणे. पण गढूळपणा किती मोजला, कुठे मोजला, काम सुरू होण्याआधी तळावर काय होतं, हे त्यातच शोधावं लागेल. असले तक्ते वाचणं हे माझं रोजचं काम आहे. मला तीन-चार जण हवे आहेत, इंग्रजी बरं असलेले. प्रत्येक अहवालाची दोन पानी मराठी करून पालघरच्या मच्छीमार सोसायट्यांना पाठवू. चहा झाल्यावर नावं माझ्याकडे द्या.